'लुक फॉरवर्ड टू'च्या पुढे 'वर्क' की 'वर्किंग'?

गवतीचहा
मंडळी, शंका छोटी आहे, पण इथे दोन तट पडलेत. नव्या ग्राहकाला जाणाऱ्या मेलची शेवटची ओळ अशी आहे:

"वी आर लुकिंग फॉरवर्ड टू वर्क विथ यू अँड डिस्कस अबाउट द प्रोजेक्ट इन डिटेल, अँड फॉर युवर अर्ली रिप्लाय."

एका तटाचं म्हणणं, 'टू वर्किंग' पाहिजे. दुसरा तट म्हणतो, 'टू'पुढे क्रियापदाचं मूळ रूपच येतं: टू गो, टू ईट, टू स्लीप. शाळेपासून हेच घोकलंय. स्पेलचेकर मिठाची गुळणी धरून बसलाय. बरोबर काय ते सांगाच, पण *का* तेही सांगा.

(इथे रोमन लिपी चालत नाही, म्हणून इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहू. स्पेलिंगचा मुद्दा आला तर अक्षरं फोडून लिहा.)

पोस्टमास्तर
'टू वर्किंग'. कारण हा 'टू' तो 'टू' नव्हे.

झणझणीत
मास्तर, हे उत्तर झालं की उखाणा?

शुद्धलेखिका
मास्तरांचा उखाणा सोडवते.

इंग्रजीत 'टू' दोन कामं करतो. एक 'टू' क्रियापदाच्या मूळ रूपाला चिकटतो: वाँट टू गो, होप टू मीट, प्लॅन टू स्टार्ट. दुसरा 'टू' शब्दयोगी अव्यय आहे: टू पुणे, टू यू, टू द बँक. शब्दयोगी अव्ययापुढे नाम किंवा सर्वनाम लागतं. तिथे क्रियापद बसवायचं तर आधी त्याचं नाम करून घ्यावं लागतं आणि इंग्रजीत ते आयएनजी लावून होतं.

'लुक फॉरवर्ड टू' हे तीन तुकड्यांचं एकच क्रियापद आहे, 'पुट अप विथ'सारखं. 'पुट अप विथ वेट' कोणी म्हणत नाही, 'पुट अप विथ वेटिंग' म्हणतो. 'विथ'च्या जागी 'टू' आला की मात्र हात आपोआप मूळ रूपाकडे वळतो, कारण 'टू गो, टू ईट' डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

चाचणी सोपी आहे. 'टू'पुढचं सगळं झाका आणि तिथे 'इट' ठेवा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' बसतं. 'आय होप टू इट' बसत नाही. ऱ्हस्व-दीर्घ नीट वाचा, नाहीतर 'होप टू ईट' होऊन जेवणाची आशा लागेल.

पानसुपारी
व्हॉट्सअॅपवर लोक 'लुक' न करताच 'फॉरवर्ड' करतात, इथे 'टू'वरून भांडण. चालू द्या.

आडवातिडवा
शुद्धलेखिका, चाचणीला भोक आहे. 'अ‍ॅग्री' घ्या. 'दे अ‍ॅग्रीड टू इट' बसतं, 'दे अ‍ॅग्रीड टू द प्लॅन' बसतं. म्हणून 'दे अ‍ॅग्रीड टू मीटिंग अस' लिहायचं? बरोबर वाक्य 'दे अ‍ॅग्रीड टू मीट अस' हेच. 'कन्सेंट'चं तसंच.

शुद्धलेखिका
@आडवातिडवा, मान्य. चाचणी एकाच दिशेने पक्की आहे. 'इट' बसलं *नाही* तर आयएनजी नक्की नको. बसलं तर बहुतेक वेळा आयएनजी, पण 'अ‍ॅग्री' आणि 'कन्सेंट'सारखी क्रियापदं दोन्ही घरचे पाहुणे आहेत: नाम आलं तर अव्ययाचा 'टू', क्रियापद आलं तर दुसरा. ती वेगळी लक्षात ठेवावी लागतात. 'लुक फॉरवर्ड टू' त्यांत नाही, तिथे आयएनजीच.

नीरफणस
एवढं कशाला? मराठीतून पाहा. "तुम्हाला भेटण्याची वाट पाहतोय." भेटणे हे धातुसाधित नाम, त्याचं सामान्यरूप 'भेटण्या', त्याला 'ची' प्रत्यय. आपणही नाम करूनच घेतो की! मराठीत 'ण्या' दिसला की इंग्रजीत आयएनजी. आणि 'भेटायला आवडेल' असं 'आयला' दिसलं की 'टू मीट'. झालं, सुटलं गणित.

आडवातिडवा
सुटलं नाही, उलट गुंतलं. 'भेटण्याची इच्छा' म्हणजे 'अ विश टू मीट'. 'जाण्याची परवानगी' म्हणजे 'परमिशन टू गो'. 'बोलण्याची संधी' म्हणजे 'अ चान्स टू स्पीक'. तिन्हीकडे 'ण्या' आहे आणि तिन्हीकडे मूळ रूप. तुमच्या नियमाने पोरं 'परमिशन टू गोइंग' लिहितील.

नीरफणस
हं. नियम मागे. पण मराठीतून पाहायची सवय चांगली, यावर ठाम आहे.

उंबरठा
@नीरफणस, तुमचा धागा इतिहासात मात्र सापडतो. इंग्रजीतले हे दोन 'टू' मुळात एकच. जुन्या इंग्रजीत या जागी क्रियापदाला विभक्तीचा प्रत्यय लागे आणि त्याआधी 'टो' हे अव्यय येई, उदाहरणार्थ 'टो सिंगेन्ने', म्हणजे साधारण 'गाण्याकडे, गाण्यासाठी'. पुढे प्रत्यय झिजून गेला, 'टू' उरला आणि हळूहळू मूळ रूपाची नुसती खूण झाला. आपलं 'गायला' याच वाटेचं आहे: गावयास, गायास, गायला. चतुर्थीचा 'ला' अजून उघड दिसतो. आपला प्रत्यय टिकला, त्यांचा झिजला.

म्हणजे दुसऱ्या तटाची चूक अगदीच निराधार नाही. फक्त काही शतकं उशिरा आली.

झणझणीत
उंबरठाजींना दंडवत. ग्राहकाला हा इतिहास मेलच्या खाली जोडून पाठवावा काय?

कोरा_कागद
सिद्धांत झाला, आता ही चूक नेमकी *कुठे* होते ते पाहू.

'लुक फॉरवर्ड टू गो' लिहिलं की बऱ्याच जणांना खटकतं. पण 'टू वर्क', 'टू व्हिजिट', 'टू सपोर्ट', 'टू हेल्प', 'टू कॉल', 'टू आन्सर' हे डोळ्यांखालून सटकतं, कारण हे शब्द नामही आहेत आणि क्रियापदही.

'वी लुक फॉरवर्ड टू युवर व्हिजिट.' बरोबर, इथे 'व्हिजिट' नाम.
'वी लुक फॉरवर्ड टू व्हिजिट युवर फॅक्टरी.' चूक. 'व्हिजिटिंग' हवं.
'वी लुक फॉरवर्ड टू युवर सपोर्ट.' बरोबर.
'वी लुक फॉरवर्ड टू सपोर्ट यू.' चूक. 'सपोर्टिंग' हवं.

ओळखायची खूण: शब्दाच्या *आधी* 'युवर', 'अवर', 'द', 'अ' यांतलं काही असेल तर तो नाम आहे, तसाच राहू द्या. शब्दाच्या *लगेच मागे* कर्म असेल (युवर फॅक्टरी, यू, द टीम) तर तो क्रियापद आहे, आयएनजी लावा. धाग्यातल्या वाक्यात 'वर्क'च्या आधी काही नाही आणि मागे 'विथ यू' आहे, म्हणून 'वर्किंग विथ यू'. स्पेलचेकर गप्प आहे कारण 'वर्क' हे स्पेलिंग बरोबरच आहे.

'अँड'नंतरचा तुकडाही त्याच 'टू'वर लटकलाय, हे विसरू नका. 'टू वर्किंग विथ यू अँड डिस्कसिंग...' पहिल्याला आयएनजी लावून दुसऱ्याला मोकळं सोडणं ही या चुकीची धाकटी बहीण.

गवतीचहा
@कोरा_कागद, आधी-मागेची खूण लगेच पटली. मग 'लुक फॉरवर्ड टू मीटिंग' यात 'मीटिंग' नाम की क्रियापद? बैठकीलाही मीटिंगच म्हणतात.

कोरा_कागद
दोन्ही होऊ शकतं, तीच खूण लावा. 'टू अवर मीटिंग ऑन मंडे': आधी 'अवर', म्हणजे बैठक. 'टू मीटिंग यू ऑन मंडे': मागे 'यू', म्हणजे भेटणं.

आणखी एक बारकावा. 'मीट' मुख्यतः पहिल्या भेटीसाठी. आधी ओळख झालेली असेल तर 'लुक फॉरवर्ड टू सीइंग यू'. जुन्या ग्राहकाला 'मीटिंग यू' लिहिलं तर मागची भेट तुम्ही विसरलात असा अर्थ निघू शकतो. 'मीटिंग यू अगेन' चालतं.

शुद्धलेखिका
'सीइंग' लिहिताना एस-ई-ई-आय-एन-जी, दोन्ही ई ठेवा. 'रिसीव्ह'चा शेवटचा ई मात्र जातो: आर-ई-सी-ई-आय-व्ही-आय-एन-जी. 'गेट'ला टी दोनदा. 'ट्रॅव्हल'ला ब्रिटिश पद्धतीत एल दोनदा, अमेरिकन पद्धतीत एकदाच.

आणि 'फॉरवर्ड' म्हणजे एफ-ओ-आर-डब्ल्यू-ए-आर-डी. एफ-ओ-आर-ई-डब्ल्यू-ओ-आर-डी म्हणजे पुस्तकाची प्रस्तावना. उच्चार जवळजवळ सारखा आणि दोन्ही शब्द कोशातले, त्यामुळे स्पेलचेकर इथेही मदतीला येईलच असं नाही. शेवटी एस लावून 'फॉरवर्ड्स टू' पण नको.

पानसुपारी
म्हणजे 'आय लुक फोरवर्ड टू युवर बुक' लिहिलं की लेखक समजेल, प्रस्तावना मीच लिहिणार आहे.

पोस्टमास्तर
मूळ वाक्यातली दुसरी चूक अजून कोणी धरली नाही: 'लुकिंग फॉरवर्ड... *फॉर* युवर रिप्लाय'.

ही अस्सल देशी चूक. उगम 'वाट पाहणे'. "उत्तराची वाट पाहत आहे" हे मनात येतं, त्याचं 'वेटिंग फॉर युवर रिप्लाय' होतं, मग कोणीतरी सांगतं की 'वेटिंग' रुक्ष वाटतं, 'लुकिंग फॉरवर्ड' लिहा. क्रियापद बदललं, 'फॉर' तिथेच राहिला. याचं उलटं भावंड म्हणजे 'अवेटिंग फॉर युवर रिप्लाय'. 'अवेट'ला 'फॉर' लागतच नाही. म्हणून तिन्ही एकत्र लिहून ठेवा:

वेटिंग *फॉर* युवर रिप्लाय.
अवेटिंग युवर रिप्लाय.
लुकिंग फॉरवर्ड *टू* युवर रिप्लाय.

दूरदेशी
मास्तरांच्या मुद्द्याला जोड. तिन्हींचा अर्थही एक नाही. 'वाट पाहणे' आपल्याकडे कशालाही चालतं: बसची, पाहुण्यांची, विजेच्या बिलाची, पावसाची. 'लुक फॉरवर्ड टू'मध्ये आनंद गृहीत आहे. बसथांब्यावर उभं राहून 'आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू द बस' म्हटलं तर लोक वळून बघतील. जवळचं मराठी म्हणजे 'आतुरतेने वाट पाहणे', 'कधी एकदा ... असं झालंय'.

त्यामुळे काही ठिकाणी व्याकरण शुद्ध असूनही वाक्य भलतंच जातं. सांत्वनाच्या पत्रात 'आय लुक फॉरवर्ड टू अटेंडिंग द फ्युनरल' कधीही नको. 'आय विल बी देअर' पुरे. राजीनामा देणाऱ्या सहकाऱ्याला 'लुकिंग फॉरवर्ड टू युवर लास्ट डे' लिहिलं तर तो कायमचा दुखावेल. नकार मिळणार हे माहीत असताना 'टू युवर डिसिजन' लिहिलं तर उपरोध वाटतो.

उलट, नकारार्थी वापर अगदी सहज होतो: 'आय अ‍ॅम नॉट लुकिंग फॉरवर्ड टू द एक्झॅम', म्हणजे परीक्षेची धास्ती आहे.

झणझणीत
मग थकलेल्या पैशांसाठी? 'वी लुक फॉरवर्ड टू युवर पेमेंट' यातला आनंद तर शंभर टक्के खरा.

कोरा_कागद
@झणझणीत, हसू नका, वसुलीच्या पत्रात ते खरंच वापरतात आणि बरोबर वापरतात. 'वी एक्स्पेक्ट युवर पेमेंट' हा हुकूम वाटतो. 'वी लुक फॉरवर्ड टू रिसीव्हिंग युवर पेमेंट बाय 15 जून' यात गोडवाही राहतो आणि तारीख घातल्याने दातही राहतात. तारीख नसेल तर हे वाक्य समोरचा नुसता निरोपाचा नमस्कार समजून सोडून देतो.

तक्रारीच्या पत्रातही तसंच. 'आय लुक फॉरवर्ड टू युवर एक्स्प्लनेशन' हे वरून मऊ आणि आतून कडक वाक्य आहे. पहिल्याच पत्रात वापरू नका, दुसऱ्या स्मरणपत्रासाठी राखून ठेवा.

गवतीचहा
छान चाललंय. 'वी लुक फॉरवर्ड' की 'वी आर लुकिंग फॉरवर्ड'? आणि 'वी विल लुक फॉरवर्ड'?

दूरदेशी
'वी लुक फॉरवर्ड टू': औपचारिक. अर्ज, निविदा, पहिला मेल, वरिष्ठ.
'वी आर लुकिंग फॉरवर्ड टू': जवळीक जास्त. ओळखीचा ग्राहक, सहकारी, पाहुणे.
'लुकिंग फॉरवर्ड टू इट!': गप्पांतलं, आमंत्रणाला होकार देताना. नुसतं 'लुकिंग फॉरवर्ड.' लिहून मेल संपवणं मात्र अर्धवट, 'टू'ला काहीतरी खायला घाला.

'विल' सहसा नको. वाट पाहणं आत्ताच चालू आहे, घटना पुढची आहे. कोणी "पुढच्या महिन्यात फोटो पाठवतो" म्हटलं आणि तुम्ही 'आय विल लुक फॉरवर्ड टू दॅट' म्हणालात तर चालतं. भेट रद्द झाली असेल तर 'आय वॉज लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू' किंवा 'हॅड बीन लुकिंग फॉरवर्ड'. त्यातच "पण आता जमत नाही" हे आलं.

शुद्धलेखिका
पुढची अडचण 'बी' आणि 'हॅव'ची. 'लुक फॉरवर्ड टू बी पार्ट ऑफ युवर टीम' हे नोकरीच्या अर्जांत सर्रास दिसतं. 'टू बी' ही जोडी कानाला इतकी ओळखीची की चूक वाटतच नाही. हवं 'टू *बीइंग* पार्ट ऑफ युवर टीम'. तसंच 'टू *हॅविंग* यू विथ अस'.

आणि 'लुक फॉरवर्ड दॅट यू विल कम' अशी वाक्यरचनाच होत नाही. 'दॅट' हवा असेल तर 'वी होप दॅट यू विल कम'. 'लुक फॉरवर्ड' ठेवायचं असेल तर 'टू युवर कमिंग', 'टू युवर व्हिजिट', नाहीतर 'टू द डे व्हेन यू कम'. बोलताना 'टू यू कमिंग' म्हणतात आणि तेही चालतं. 'युवर कमिंग' जास्त औपचारिक.

मोरपंखी_शाई
उशिरा आले. 'यूज्ड टू'चं काय? तिथेही 'टू' आहे. 'आय यूज्ड टू लिव्हिंग इन नाशिक' असं एका निबंधात दिसलं. या धाग्याच्या हिशेबाने ते बरोबर ठरेल की!

शुद्धलेखिका
नाही, पण विचारलंत ते बरं झालं. इथे तीन वेगळी वाक्यं एकाच मुखवट्यामागे आहेत आणि मराठी त्यांना छान सोडवते:

मी नाशिकला *राहायचो*. → आय *यूज्ड टू लिव्ह* इन नाशिक.
मला नाशिकला *राहायची सवय आहे*. → आय *अ‍ॅम यूज्ड टू लिव्हिंग* इन नाशिक.
ही सुरी भाजी *कापायला वापरतात*. → धिस नाइफ *इज यूज्ड टू कट* व्हेजिटेबल्स.

पहिल्यात 'अ‍ॅम, इज, आर' नाही, पुढे मूळ रूप. दुसऱ्यात ते आहे आणि अर्थ सवयीचा, पुढे आयएनजी. तिसऱ्यात ते आहे, पण अर्थ 'वापरतात', पुढे मूळ रूप. म्हणजे आधी अर्थ ठरवा, मग शेपूट लावा. 'सवय झाली' असेल तर 'गॉट यूज्ड टू', पुढे आयएनजी.

स्पेलिंगचा सापळा: 'डिड'बरोबर शेवटचा डी जातो. 'डिड यू यूज टू लिव्ह देअर?' इथे यू-एस-ई. उच्चारात फरक कळत नाही म्हणून लिहिताना हमखास चुकतं.

नीरफणस
बघा! 'राहायचो' आणि 'राहायची सवय'. मराठीतून पाहा म्हटलं होतं ना मी?

आडवातिडवा
@नीरफणस, एक गुण परत दिला.

माझ्याकडून भर. पुढे आयएनजी मागणारे 'टू' आणखी आहेत: ऑब्जेक्ट टू, रिसॉर्ट टू, कन्फेस टू, अकस्टम्ड टू, गेट राउंड टू, इन अ‍ॅडिशन टू, विथ अ व्ह्यू टू, व्हेन इट कम्स टू. यांत सगळ्यात जास्त चुकणारा 'विथ अ व्ह्यू टू'. अर्थ 'च्या उद्देशाने', म्हणून लोक 'विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्ह' लिहितात. 'टू इम्प्रूव्हिंग' हवं. उद्देशच सांगायचा असेल तर नुसतं 'टू इम्प्रूव्ह' लिहा, तीन शब्द आणि एक चूक वाचते.

'कमिटेड टू'मध्ये 'प्रोव्हायडिंग' सुरक्षित, पण 'टू प्रोव्हाइड'ही छापलेलं दिसतं. त्यावरून कोणाची मान पकडू नये.

'प्रिफर' गमतीदार. एकाच क्रियापदाकडे दोन्ही 'टू': 'आय प्रिफर *टू वॉक*' आणि 'आय प्रिफर वॉकिंग *टू ड्रायव्हिंग*'.

पानसुपारी
आय प्रिफर रीडिंग टू रायटिंग. म्हणून इथे गप्प बसलोय.

उंबरठा
तिसऱ्यांदा गप्प बसलात.

मोरपंखी_शाई
आपल्या पत्रात हे सगळं दोन शब्दांत व्हायचं. 'कळावे, लोभ असावा.' ना 'टू' ना आयएनजी. याचं इंग्रजी करून दाखवा कोणीतरी.

पोस्टमास्तर
करू नका. 'लोभ असावा' हे नात्याचं मागणं आहे, 'लुक फॉरवर्ड' हे पुढच्या कामाचं. एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

निरोपाचा विषय निघालाच आहे तर विरामचिन्हाचं सांगतो. आपल्याकडे अजून पुष्कळ जण असं लिहितात:

थँकिंग यू अँड लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू,
युवर्स फेथफुली,

ही जुन्या इंग्रजी पत्राची शेपटी आहे. पूर्वी हे वाक्य पूर्ण असे: 'होपिंग टू हिअर फ्रॉम यू, आय रिमेन, युवर्स फेथफुली'. 'होपिंग' त्या 'आय रिमेन'ला जोडलेलं असे. पुढे 'आय रिमेन' गळालं आणि 'लुकिंग'ला कर्ता उरला नाही, नुसता स्वल्पविराम लोंबकळतोय. आता सरळ पूर्ण वाक्य करा, 'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू', पूर्णविराम द्या आणि खाली नवीन ओळीवर 'युवर्स सिन्सिअरली'.

'हिअरिंग *फ्रॉम* यू'मधला 'फ्रॉम' गाळू नका. 'हिअरिंग यू' म्हणजे प्रत्यक्ष आवाज ऐकणं. गायकाला लिहित असाल तर ठीक.

झणझणीत
आणि ब्रिटिश पद्धतीत 'डिअर सर'ला 'फेथफुली', नाव घातलं असेल तर 'सिन्सिअरली'. हे तरी मला येतं.

कोरा_कागद
रोज मेल लिहिणाऱ्यांसाठी एक उपाय. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स इथे जा. 'रिप्लेस'च्या चौकटीत चार अक्षरं घाला, एल-एफ-एच-वाय. 'विथ'च्या चौकटीत पूर्ण वाक्य, 'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू', पूर्णविरामासकट. 'अ‍ॅड' दाबा. पुढे ती चार अक्षरं टाइप करून स्पेस दिली की वाक्य उमटतं. खरा शब्द होईल अशी अक्षरं निवडू नका, नाहीतर भलत्या जागी वाक्य उगवेल.

जुन्या मसुद्यांसाठी: कंट्रोल-एफ दाबून 'फॉरवर्ड टू' शोधा आणि प्रत्येक ठिकाणी *फक्त पुढचा एक शब्द* पाहा. युवर, अवर, द, अ, इट असेल तर पुढे चला. क्रियापद असेल तर शेवट तपासा. मग एकदा 'फॉरवर्ड फॉर' शोधा. तिथे काही सापडलं तर ते बहुधा चूकच असणार. 'फॉरवर्ड टू'ला सरसकट 'रिप्लेस ऑल' मात्र करू नका. 'प्लीज फॉरवर्ड टू द अकाउंट्स टीम' यातला 'फॉरवर्ड' वेगळा, तिथे काहीही लावायचं नाही.

गवतीचहा
सगळ्यांचे आभार. दुसरा तट शरण आलाय, उंबरठाजींच्या इतिहासामुळे थोडी इज्जत राखून. पहिलाच मेल, औपचारिक, तेव्हा 'वी लुक'. एका ओळीच्या दोन केल्या:

"वी लुक फॉरवर्ड टू वर्किंग विथ यू अँड डिस्कसिंग अबाउट द प्रोजेक्ट इन डिटेल. वी वुड अ‍ॅप्रिशिएट युवर रिप्लाय बाय 12 जून."

दुसऱ्या वाक्यात 'लुक फॉरवर्ड' पुन्हा नको म्हणून मुद्दाम बदललं. पाठवू का?

कोरा_कागद
तारीख घातलीत, उत्तम. पाठवा.

दूरदेशी
पाठवा.

मोरपंखी_शाई
थांबा थांबा. 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही. 'डिस्कसिंग द प्रोजेक्ट'. 'डिस्कशन अबाउट' चालतं, 'टॉक अबाउट' चालतं, 'डिस्कस अबाउट' नाही. पहिल्या पोस्टपासून तिथेच बसलंय ते.

पोस्टमास्तर
चाळीशी पुसतो.

गवतीचहा
काढलं. पाठवलं.